शेरूची गोळी आणि फल्लीचं लोणी

कुत्र्याला पीनट बटर चालतं का, हे मला गेल्या वर्षभरात चार जणांनी विचारलं. त्यातले तिघे आपल्यातले होते आणि तिघांनीही आवाज जरा खाली घेऊन विचारलं. चौथे शेजारचे काका. त्यांनी भर चौकात विचारलं, ‘काय बाप्पा, कुत्र्याले लोणी चारता म्हणे तुम्ही?’ हसणारे हसले. काकांना नवल वाटलं होतं ते खर्चाचं. बाकीच्या तिघांना पीनट बटरशी फारसं देणंघेणं नव्हतं, त्यांना कुत्र्याबद्दल विचारायचं होतं. मुसलमानाच्या घरासमोर कुत्रा बसतो, त्याला कोणी चमच्याने भरवतं, आणि त्याच घरात पाच वेळा जानमाज अंथरली जाते, हे कसं?

दोन्हींचं उत्तर एकदाच लिहून टाकतो, कारण आमच्याकडे हे दोन प्रश्न एकाच आठवड्यात, एकाच चमच्यावरून निघाले होते.

आमचं कळंब यवतमाळचं. धाराशिवकडचं कळंब वेगळं, पार्सलं अधूनमधून तिकडे जातात. चिंतामणी गणपतीचं, चक्रावती नदीकाठचं, यवतमाळहून वर्ध्याला जाताना लागतं ते आमचं. इथे शेंगदाण्याला बोलताना कोणी शेंगदाणा म्हणत नाही. फल्ली म्हणतात. तेल फल्लीचं, चटणी फल्लीची, आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्याकडे उन्हाळी भुईमूग निघाला की उकडलेल्या फल्ल्या. त्यामुळे ‘पीनट बटर’ हे नाव कितीही साहेबी वाटलं तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. भाजलेले दाणे इतके वाटायचे की त्यांचं तेल सुटून लगदा व्हावा. त्यात लोण्याचा थेंबही नसतो. काकांना हे मी सांगितलं, पण त्यांच्या तोंडी लोणी बसलं ते बसलंच.

शेरू आमचा नाही, गल्लीचा आहे. बस स्टँडकडून मंदिराकडे आणि मंदिराकडून मशिदीच्या गल्लीकडे त्याची फेरी असते. चतुर्थीला तो मंदिराच्या बाजूला जास्त दिसतो, बकरी ईदला आमच्या बाजूला. माझ्या धाकट्या मुलीने त्याला नाव दिलं आणि नाव दिल्यावर जे होतं ते झालं. गेल्या पावसाळ्यानंतर तो खाईनासा झाला. आधी वाटलं, कुठे काही खाऊन पोट बिघडलं असेल. मग एक दिवस त्याच्या नाकातून रक्त आलं, हिरड्या पाहिल्या तर पांढऱ्याफटक. यवतमाळच्या पशुवैद्यांनी रक्त तपासलं आणि गोचिडाचा ताप सांगितला. गोचीड चावताना रक्तात एक जंतू सोडते, त्याने रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून ते नाकातून रक्त. औषध डॉक्सिसायक्लिन, रोज, सलग २८ दिवस. मध्ये सोडायचं नाही, बरा दिसला तरीही नाही.

ज्यांनी कधी कुत्र्याला गोळी दिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चपातीत गुंडाळून दिली, चपाती गेली आणि गोळी फरशीवर चाटून स्वच्छ केलेली. भातात कालवली, भात गेला. गुळात दिली तर पहिल्या दिवशी फसला, दुसऱ्या दिवशी गूळही नको. अम्मी लांबून म्हणाली, ‘दूध में घोल के दे दे.’ डॉक्टरांनी नेमकं तेच करू नका म्हणून सांगितलं होतं. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं, मग ते रक्तात पुरेसं उतरत नाही. शिवाय ही गोळी नुसती, कोरड्या घशाने दिली आणि अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. म्हणजे काहीतरी चिकट हवं, वासाचं हवं, दुधाचं नको, आणि मागून पाणी हवं. ‘पीनट बटर आहे का घरी?’ डॉक्टरांनी विचारलं.

घरात होतं. पुतण्या व्यायामशाळेत जातो, त्याच्या खोलीत प्रोटीनचे डबे असतात आणि त्यांच्या शेजारी एक मोठी बरणी. मुलगी ती घेऊनच आली. पुढून पाहिलं तर सगळं चांगलंच लिहिलेलं. साखर नाही, चॉकलेटची चव, प्रथिनं भरपूर. मागे घटकांची यादी होती, मोहरीच्या दाण्याएवढ्या अक्षरात. दाणे, कोको पावडर, मीठ, मग ‘स्वीटनर’ आणि कंसात ९६७ हा आकडा.

९६७ म्हणजे झायलिटॉल. या लेखातला एवढा एक आकडा लक्षात राहिला तरी मला पुरे.

झायलिटॉल ही एक गोड वस्तू आहे, बर्चच्या लाकडापासून, मक्याच्या बुरकुंडापासून काढतात. माणसाला ती काही करत नाही. जास्त खाल्ली तर पोट ढिलं होतं, एवढंच. दातांना बरी म्हणून च्युइंगममध्ये आणि टूथपेस्टमध्ये घालतात, मधुमेहींच्या मिठाईत घालतात. कुत्र्याचं शरीर मात्र तिला साखरच समजतं आणि स्वादुपिंडातून भराभर इन्सुलिन सोडतं. रक्तात साखर आलेली नसते, इन्सुलिन येतं, आणि होती ती साखरही झपाट्याने खाली जाते. कुत्रा ओकतो, लडखडतो, पाय सोडतो, झटके येतात. बऱ्याचदा हे अर्ध्या-एक तासात होतं, कधी काही तास उशिराने. प्रमाण जास्त असेल तर एक-दोन दिवसांत यकृत निकामी होऊ शकतं. वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.१ ग्रॅम साखर उतरवायला पुरतं, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृताला धोका. दहा किलोचा कुत्रा धरा, म्हणजे एक ग्रॅम. चिमूटभर. आणि बरणीवर आकडा असतो, पण त्यात ते किती घातलंय हे असेलच असं नाही. म्हणून मोजत बसण्यात अर्थ नाही. ९६७ दिसला, किंवा झायलिटॉल, किंवा ‘बर्च शुगर’ असं गोंडस नाव दिसलं, की ती बरणी कुत्र्यापासून लांब.

बरणी गेली परत पुतण्याच्या फळीवर, वरच्या. तो म्हणाला, ‘चाचा, मैं तो रोज़ खाता हूँ.’ खा बाबा, तुला काही होत नाही.

बाजारातल्या साध्या बरण्यांत झायलिटॉल सहसा नसतो. त्यांच्यात साखर असते, मीठ असतं, तेल वर तरंगू नये म्हणून दुसरं एखादं तेल असतं. हे विष नाही, पण कुत्र्याच्या कामाचंही नाही. चॉकलेटवाल्या बरण्या मात्र साखर असो वा नसो, बाजूलाच ठेवाव्यात. कोकोमधला थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतो आणि हृदयाला त्रास देतो. पुतण्याच्या बरणीत दोन्ही होतं. आणि एखाद्याच्या कुत्र्याने अशी बरणी चाटलीच, तर लक्षणांची वाट पाहू नये. मीठ-पाणी पाजून ओकवायचा जो घरगुती उपाय आहे तो तर अजिबात करू नये, मिठानेच कुत्रा जायचा. बरणी सोबत घ्यायची आणि थेट डॉक्टर गाठायचे. त्याला शिरेतून ग्लुकोज लागतं, ते आपल्या हातचं काम नाही.

मग घरीच करायचं ठरलं. आणि इथे अम्मी मैदानात आली.

अम्मीचं सांगायला हवं. तिने शेरूला कधी हाकललं नाही, कधी हातही लावला नाही. तो उंबऱ्याच्या आत येता कामा नये, हा तिचा कायदा. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, ही हदीस तिने लहानपणी ऐकली आहे आणि मी तिच्याशी त्यावर वाद घालत नाही. शिकारीसाठी, शेतासाठी, गुरांसाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे, नुसत्या हौसेसाठी नाही, हेही तिला माहीत आहे. शेरू यातल्या कशातच बसत नाही. तो ओट्याच्या खाली बसतो. जुम्याला अम्मी सूरह कहफ वाचते. तिच्यात गुहेत झोपलेल्या त्या तरुणांचा किस्सा आहे आणि त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा आहे, पुढचे पाय पसरून उंबऱ्याशी बसलेला. लोक पुढे त्या तरुणांची संख्या मोजताना भांडतात, तीन होते, पाच होते, सात होते, आणि प्रत्येक मोजणीत कुत्रा धरलेला आहे. आपल्याकडे त्याला कितमीर म्हणतात. मुलीने एकदा विचारलं, ‘दादी, कितमीर आत होता की बाहेर?’ अम्मी बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘दहलीज़ पे.’ आमच्या घरचा तोडगा त्यातूनच निघाला. शेरूचं सगळं उंबऱ्यापाशी. आत नाही, हाकलणंही नाही.

तर दाणे भाजायच्या आधी अम्मीने सूप मागितलं. एक किलो दाणे पाखडले, मग ताटात पसरून एकेक पाहिला. सुरकुतलेले, काळपट, पिवळट-हिरवट डाग पडलेले, किडीने टोकरलेले, सगळे वेगळे. मूठभर निघाले. मुलगी म्हणाली, ते शेरूला घालू, नाहीतर फेकायचेच आहेत. अम्मी म्हणाली, ‘जो हम नहीं खाते, वो उसको काय को?’

हे वाक्य तिने दयेपोटी म्हटलं, पण त्यामागे विज्ञानही भक्कम आहे. ओल लागलेल्या दाण्यावर एक बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, कारण सापडेना, शेवटी ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत ते सापडलं. तिथून या विषाचा शोध सुरू झाला. आपल्याकडची गोष्ट याहून जवळची आहे. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात अवेळी पावसाने मका भिजला, बुरशी धरली, आणि आदिवासी गावांमध्ये काविळीची साथ आली. पोटात पाणी भरून शंभराहून अधिक माणसं गेली. आणि त्याच घरांतले कुत्रेही तसेच, पोट फुगून मेले. घरात जी भाकर होती तीच त्यांना मिळत होती. मला ही हकीकत वाचल्यापासून विसरता येत नाही. आपण जे ‘कुत्र्याला घाला’ म्हणून बाजूला काढतो, त्यात नेमका बुरशीचा वाटा त्याच्याकडे जातो. कुत्र्याचं यकृत तर या विषापुढे आपल्याहून लवकर हार मानतं. भाजून, तळून ते पूर्ण जात नाही. सूप आणि डोळे, घरगुती उपाय एवढाच. आणि खवट वास आला तर आख्खा वाण नाकारायचा.

निवडलेले दाणे मंद आचेवर भाजले, सालं काढली, मिक्सरमध्ये फिरवले. आधी कूट होतो, मग गोळा, मग थांबत-थांबत फिरवलं की तेल सुटून ते सैल होतं. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, वरून तेल नाही. आमच्या एक किलो दाण्यांतून पंधरवड्याहून जास्त चाललं, कारण द्यायचं अगदी थोडं असतं. एक मोठा चमचा म्हणजे जवळजवळ शंभर कॅलरी, त्यातली बरीचशी तेलातून. कुत्र्याच्या दिवसभराच्या खाण्यातला खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये म्हणतात. दहा किलोच्या कुत्र्याला चहाचा एक चमचा बस झाला, लहान पिल्लाला बोटाच्या टोकाएवढं. एकदम वाटीभर घातलं तर स्वादुपिंडाला सूज येते, ओकाऱ्या सुरू होतात, आणि आपण म्हणतो नजर लागली. आणि गोळाही घालू नये, तो टाळूला चिकटतो, चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा तर श्वासच अडकतो. पातळ थर लावायचा, चाटू द्यायचं. आधीपासून लठ्ठ असलेल्या किंवा स्वादुपिंडाचं दुखणं झालेल्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको.

मिक्सर धुतला, लगदा बरणीत भरला, आणि मुलीने स्वयंपाकघरातला चमचा उचलला. अम्मीने तो तिच्या हातातून काढून घेतला.

आता तो दुसरा प्रश्न. आपल्याकडे विदर्भात बहुतेक हनफी. हनफी मताप्रमाणे कुत्र्याची लाळ नापाक, त्याचं कोरडं अंग लागलं तर कपडा किंवा वजू बिघडत नाही. त्याने तोंड घातलेलं भांडं तीनदा धुणं आवश्यक आणि सातदा धुणं उत्तम. कोकणातले आपले भाऊ शाफई, त्यांच्याकडे कुत्रा सबंधच नापाक, भांडं सात वेळा आणि त्यातलं एकदा मातीने. रत्नागिरीकडच्या माझ्या एका मित्राला फोनवर हे सगळं सांगत होतो तर तो म्हणाला, ‘तुमचं बरं आहे, तीन वेळात सुटता.’ मालिकी तर कुत्र्याला पाकच मानतात, भांडं धुतात ते हुकूम आहे म्हणून. चार इमाम, त्यात इतका फरक, आणि एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत: त्याला उपाशी मारा असं कोणी म्हटलेलं नाही. विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून, तो दातांत धरून वर चढलेल्या माणसाची हदीस बुखारीत आहे. तहानलेल्या कुत्र्याला त्याने ते पाजलं आणि त्याचे गुन्हे माफ झाले. बनी इस्राईलमधल्या त्या बदनाम बाईचीही अशीच. दोघांनी कुत्र्याला घरात घेतल्याचं कुठे नाही. आणि मोजा नंतर धुतला असेलच की!

म्हणजे चर्चा भांड्याची आहे, ती आपण प्राण्यावर नेऊन ठेवली. आवाज खाली घेऊन विचारणाऱ्या तिघांना मी एवढंच सांगितलं: वेगळी वाटी, वेगळा चमचा, नमाजचे कपडे वेगळे, आणि लाळ लागली तर धुवा. अम्मीने जुन्या सामानातून एक लाकडी चमचा काढून दिला, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला, आणि तो बाहेरच्या खिळ्यावर टांगला. डॉक्टरांनाही तेच हवं होतं, अगदी दुसऱ्या कारणाने. रस्त्यावरच्या कुत्र्याला बोटावरून चाटवू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. बोटाला कापलेलं असलं आणि कुत्र्याला रेबीज असला तर लाळ पुरते, दात लागायला पाहिजेत असं नाही. म्हणून लांब दांड्याचा चमचा, किंवा सरळ फरशीच्या तुकड्यावर थर.

इथे एक राग काढून घेतो. मातीत रेबीजचा विषाणू मारणारं काहीतरी असतं, म्हणूनच मातीने धुवायला सांगितलं आणि हे आता कुठल्याशा विद्यापीठाने सिद्ध केलं, असा मजकूर व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी फिरतो. कृपा करून तो पुढे पाठवू नका. हुकूम हा हुकूम आहे, त्याला खोट्या प्रयोगशाळेचा टेकू कशाला? भांड्याचा नियम जखमेला लावून कोणी माती चोळत बसला तर जीव जाईल. चावलं, ओरखडलं, उघड्या जखमेला लाळ लागली, तर साबण आणि वाहतं पाणी, सलग पंधरा मिनिटं. मग सरकारी दवाखाना आणि लशीचे सगळे डोस, ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही. शेरूला आम्ही रेबीजची लस टोचून घेतली ती गोचिडाचा ताप उतरल्यावर. कळंबच्या इतर कुत्र्यांना कोणी टोचली आहे हे मला विचारू नका.

पीनट बटरची एवढी चौकशी करणारे आपण, ईदच्या दुसऱ्या दिवशी काय करतो तेही बघू. शीर-खुर्मा उरला की पातेलं बाहेर. त्यात किसमिस असते. द्राक्षं आणि किसमिस कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, आणि कोणत्या कुत्र्याला किती किसमिसने त्रास होईल याचा अंदाज बांधता येत नाही. मंदिराबाजूच्या शिऱ्यातही किसमिस असते, तेव्हा ही तक्रार दोन्ही मोहल्ल्यांची आहे. बिर्याणीत कांदा-लसूण, जास्त गेला तर त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. बकरी ईदची शिजलेली हाडं चिरफळ्या होऊन आतड्यात रुततात. साधा भात, चपाती, बिनमिठाचं उकडलेलं मांस, त्यातली हाडं काढून. एवढं त्याला पुरतं. सवाबच हवा असेल तर बोकडाच्या वाट्यातून त्याच्यासाठी चार तुकडे मसाला पडायच्या आधी बाजूला काढा, अम्मी आता काढते.

गल्लीत कुरबुर आहेच, आणि ती सगळी खोटी नाही. खायला घातलं की कुत्रे जमतात, मुलं घाबरतात, फजरला मशिदीत जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागे लागतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूर खंडपीठाने खायला घालणाऱ्यांनी कुत्रे दत्तकच घ्यावेत अशा अर्थाचा आदेश दिला, नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०२३ च्या केंद्राच्या नियमांत खाऊ घालायची जागा आणि वेळ ठरवून घ्या म्हटलं आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर कुठेही घालू नका, ठरलेल्या जागीच घाला, असं सांगितलं. मला हे पटतं. रस्त्याच्या मधोमध बिस्किटांचा पुडा उधळून फोटो काढणाऱ्यांचं आणि माझं जमत नाही. आम्ही घालतो ते आमच्याच ओट्याच्या कोपऱ्यात, मगरिबच्या आधी, फरशीच्या तुकड्यावर, आणि नंतर ती फरशी धुतो. काकांची तक्रार या धुण्याच्या पाण्याबद्दलही होती. मग पन्हाळी फिरवून घेतली.

गोळी द्यायची रीत शेवटी अशी बसली. आधी नुसता लगदा, अर्धा चमचा, गोळीशिवाय. तो चाटला की दुसरा, त्यात गोळी दाबलेली. तो उतरतो न उतरतो तोच तिसरा दाखवायचा, म्हणजे तिसऱ्याच्या घाईत दुसरा चावायचं तो विसरतो. तिन्ही मिळून चहाचा एक चमचा. मागून पाणी आणि थोडा भात. सहाव्या दिवशी तो आपणहून येऊन बसला. नवव्या-दहाव्या दिवशी हिरड्यांना गुलाबी रंग दिसायला लागला. पंचविसाव्या दिवशी एकदा त्याने गोळी तोंडातून वेगळी काढून अम्मीच्या चपलेवर ठेवली. चप्पल तीनदा धुतली गेली. मुलगी म्हणाली सातदा धुऊ, अम्मी म्हणाली, ‘हम हनफी हैं.’

२८ दिवस झाले, पुन्हा रक्त तपासलं, डॉक्टरांनी औषध थांबवलं. लगदा थोडा उरला होता, तो आम्ही भाकरीला लावून खाल्ला. अम्मीला तो फिका लागला, तिने वरून मीठ-तिखट घातलं.